शब्दचर्चा : बेस्ट, बेष्ट आणि श्रेष्ठ (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या ठिकाणांवरून)

नौपाडा
शाळा, क्लास, गृहसंकुलं यांच्या जाहिरातींत 'ठाण्यातील सर्वोत्तम शाळांपैकी एक' छापाची वाक्यं सर्रास दिसतात. मूळ अर्थातच 'वन ऑफ द बेस्ट'. व्याकरणात चूक नाही, पण कानाला मराठी लागत नाही. 'बेस्ट'ला दर वेळी 'सर्वोत्तम'च म्हणायचं का? आणि एक उपप्रश्न : जुन्या माणसांच्या तोंडी 'बेष्ट' असतं, त्याचं 'श्रेष्ठ'शी काही नातं?

घणसोली
उपप्रश्न आधी घेतो. 'बेष्ट' हा 'बेस्ट'चाच आपल्या तोंडात बसलेला उच्चार. 'ट' मूर्धन्य (जीभ वर वळवून टाळूला लावून उच्चारलेला), म्हणून त्याच्या आधीचा 'स'ही मूर्धन्य होतो : पोष्ट, इष्टेट, तसंच बेष्ट. म्हणजे शब्द 'श्रेष्ठ'वरून आलेला नाही. पण शेपूट मात्र खरोखर एकाच घरातलं आहे. इंग्रजीतला 'एस्ट' आणि संस्कृतातला 'इष्ठ' (ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, पापिष्ठ) हे एकाच इंडो-युरोपीय प्रत्ययाचे वंशज.

जुन्या इंग्रजीत रूप होतं 'बेट्स्ट'. पुढे मधला 'ट' गळला. धातूचा अर्थ भलं, फायदा. 'टू बूट' म्हणजे 'शिवाय वर आणखी', त्यातला 'बूट' याच कुळातला. पायातला बूट वेगळा, तो फ्रेंचमधून आला. 'गुड' मात्र निराळ्या धातूचा, म्हणून गुड-बेटर-बेस्ट ही साखळी जुळत नाही. जर्मनमध्येही तसंच : गूट, बेसर, बेस्ट.

याला इंग्रजीचा विचित्रपणा म्हणून हसायचं कारण नाही. पाणिनीनेही हेच नोंदवलं आहे : 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य, त्याची रूपं करताना 'श्र' येतो (अष्टाध्यायी 5.3.60), त्यातून श्रेयस् आणि श्रेष्ठ. 'वृद्ध'चं ज्येष्ठ होतं. मूळ विशेषण एक, तमभावाचं ('सगळ्यांत जास्त' दाखवणारं) रूप भलत्याच धातूचं.

वाशी
यात 'उत्तम'ही घ्या. उद् + तर = उत्तर, उद् + तम = उत्तम; म्हणजे मुळात 'सगळ्यांत वरचा'. मराठीत तो झिजून नुसता 'छान' झाला, म्हणून 'सर्वोत्तम' घडवावा लागला. 'श्रेष्ठ'चंही तेच, म्हणून 'सर्वश्रेष्ठ'. 'श्रेष्ठतम' लिहिणारे तर एकावर एक दोन टोप्या घालतात.

मराठीत आल्यावर 'बेस्ट'चीही हीच गत झाली. 'चहा बेस्ट झालाय' यात कुठल्याच दुसऱ्या चहाशी तुलना नाही. 'बेस्टपैकी झोप काढली' यात तर 'मस्तपैकी'चा साचा आहे, इंग्रजाला तो कळायचाही नाही. खरी तुलना करायची तर आपण 'सगळ्यांत बेस्ट' म्हणतो. हे दुहेरी तमरूप मराठी बोलण्यात चूक नाही. तेच इंग्रजीत 'मोस्ट बेस्ट' करून नेलं की चूक.

म्हणून भाषांतर करताना आधी विचारायचं : 'कोणांत?' उत्तर मिळालं (या तिघांत, वर्गात, नवी मुंबईत) तर 'सर्वांत चांगला', आणि तो 'सर्वांत' अनुस्वारासह. उत्तर नसेल तर उत्तम, छान, फक्कड, झकास; प्रसंग पाहून.

नौपाडा
वाशीकर, चाचणी पटली. पण ठरीव वाक्प्रचारांना ती लागू होईल?

वाशी
नाही, ते एकेक शिकावे लागतात. 'ॲट बेस्ट' म्हणजे 'फार तर'. 'डू युअर बेस्ट' म्हणजे 'होईल तेवढं कर', जोर हवा असेल तर 'शिकस्त कर'. प्रतिज्ञापत्रातलं 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' म्हणजे 'माझ्या माहितीप्रमाणे'. 'माझ्या सर्वोत्तम ज्ञानानुसार' हे यांत्रिक भाषांतर, आणि वर आत्मस्तुती. 'बेस्ट ऑफ थ्री' म्हणजे तीनपैकी दोन डाव जिंकेल तो. 'सेकंड बेस्ट'ला 'दुसऱ्या क्रमांकाचा' म्हणा. 'दोन नंबरचा' म्हटलंत तर काळा पैसा आठवेल.

पाकिटावरच्या 'बेस्ट बिफोर'मध्ये जास्त गोंधळ होतो. ती तारीख दर्जाची : त्यानंतर चव, वास, कुरकुरीतपणा कमी होऊ शकतो. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' ही मात्र त्यानंतर खाऊ नये अशी तारीख. दोन्हींना 'अंतिम तारीख' म्हणून मोकळं होणं चूक. पहिलीला 'या तारखेपर्यंत दर्जा उत्तम' म्हणावं.

आणि तुमचा जाहिरात-फलक : 'ठाण्यातल्या नावाजलेल्या शाळांतली एक.' इंग्रजी फलकावर निदान 'वन ऑफ द बेस्ट'नंतर 'स्कूल' न लिहिता 'स्कूल्स' लिहा. 'पैकी' म्हटलं की अनेकवचन आलंच.

नेरूळ
दोघांत तुलना असेल तर 'बेस्ट' नव्हे, 'बेटर', असं शाळेत शिकवतात. पण मग 'पुट युअर बेस्ट फूट फॉरवर्ड' कसं? पाय तर दोनच! रूढी नियमाला जुमानत नाही.

आता फारसी 'बेहतर'. 'बेटर'शी इतका जुळतो की जुळं भावंडच वाटावं, पण तो योगायोग. 'बेह'चं नातं संस्कृत 'वसु'शी आहे. 'वसु'चं तमरूप वसिष्ठ, अवेस्तात (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात) तेच 'वहिश्त', म्हणजे सर्वांत चांगलं. त्यावरून फारसीत 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग, आणि तहानलेल्याला पाणी देणारा तो बिहिश्ती, आपला पखालवाला भिस्ती. अर्थाने 'बेस्ट'ला अगदी नेमका समांतर शब्द हवा असेल तर तो 'वसिष्ठ'.

कोपरी
बातम्या लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी भर. बसवाली 'बेस्ट' हे आद्याक्षरांचं नाव : 1905 सालची बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. 1947 मध्ये ती पालिकेकडे आली, 1964 मध्ये ट्राम बंद झाल्या. आता 'टी' ट्रान्सपोर्टचा. ही 'बेस्ट' स्त्रीलिंगी नाम आहे, तिला विभक्ती लागते : बेस्टने, बेस्टची. विशेषण 'बेस्ट' मात्र अविकारी, म्हणजे रूप न बदलणारं : बेस्ट वडा, बेस्ट भाजी, बेस्ट पोहे.

घणसोली
क्रियापद राहिलं. 'टू बेस्ट' म्हणजे हरवणं. आणि 'टू वर्स्ट' म्हणजेही हरवणं! पहिल्यात आपण वरचढ ठरतो, दुसऱ्यात समोरच्याची दैना करतो. दुसरं आता क्वचितच वाचायला मिळतं, पण जुन्या मजकुरात 'वर्स्टेड' दिसलं तर 'पराभूत' असं वाचा. लोकरीचं 'वर्स्टेड' कापड वेगळं. त्याचं नाव इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या एका गावावरून आलं.