टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस एकाच माणसाचे? मग त्याची शैली कोणती?

विश्रामबागकर:
रविवारी पाहुण्यांना घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. न्यू पॅलेस दाखवला, येताना टाऊन हॉलच्या बागेत जरा टेकलो. भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मामा, दोन्ही मेजर मँटचीच कामं." मला पटेना. टाऊन हॉल सरळसरळ चर्चच्या घाटाचा, टोकदार कमानी, उतरती छपरं. आणि राजवाड्यावर छत्र्या, घुमट, मधोमध अष्टकोनी घड्याळाचा मनोरा. मी सांगलीत बारा वर्षं ठेकेदारी करतोय. असल्या माणसाला कसबी म्हणायचं, की गिऱ्हाईक मागेल ते देणारा?

ओळंबा, मिरज:
भाचीचं बरोबर आहे. चार्ल्स मँट, जन्म १८३९चा, लष्करी इंजिनिअर. टाऊन हॉल १८७०च्या दशकातला. साहेबाच्या देशात तेव्हा गॉथिकची चलती होती, तीच त्याने इथे आणली. न्यू पॅलेसचं काम १८७७ला सुरू झालं ते १८८४ला संपलं. तोवर गड्याने गुजरात-राजस्थानची देवळं, वाडे डोळ्यांखालून घातले होते, ते त्या राजवाड्यात उतरलंय. अजमेरच्या मेयो कॉलेजची पांढरी संगमरवरी इमारत त्याचीच. बडोद्याचा लक्ष्मीविलासही.

तुमचा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. कमान टोकदार काढा नाहीतर महिरपी, तिचा भार खांबावरून पायात जायचा तसाच जातो. शैली ही अंगावरची कापडं. आणि कापड ठरवतो गाव नि तिथला दगड. आपला काळा दगड कठीण, त्यात अजमेरसारखी नाजूक जाळी कोण कोरणार? म्हणून न्यू पॅलेस मला भारदस्त वाटतो, नाजूक नाही.

मँटचा शेवट मात्र वाईट. १८८१ला गेला, चाळिशी नुकतीच उलटलेली. आपली गणितं चुकलीत, इमारती कोसळणार, या धास्तीने त्याचं डोकं फिरलं असं सांगतात. लोक हे हसून सांगतात, मला हसू येत नाही. ऐन उमेदीत मी मावसभावाच्या घराचा नकाशा काढला. जिन्याच्या वरून बीम जातो हे सेक्शन न काढताच सोडून दिलं. सातव्या पायरीवर उभं राहिलं की डोक्यावर साडेपाच फूट. अजूनही तिथे पाहुणा वर निघाला की खालून ओरडतात, "डोकं!" एका जिन्यापायी मी महिनाभर झोपलो नव्हतो, त्याच्या उरावर तर एकावेळी तीन-तीन राजवाडे, कॉलेजं.

माहेरवाशीण, बडोदा:
काका, दगडाचं काही पटलं नाही. खिद्रापूर मिरजेपासून किती लांब आहे? कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत, तेही आपल्याच काळ्या दगडाचे, बाराव्या शतकातले. त्यावरची घडाई बघून या आणि मग सांगा जाळी कोण कोरणार ते. दगड तोच होता. पाथरवटाला द्यायला वेळ आणि पैसा नव्हता असं म्हणा.

बाकी लक्ष्मीविलास राजवाडा मँटच्या मागे पुरा केला रॉबर्ट चिझम या दुसऱ्या इंग्रज आर्किटेक्टने, १८९०ला. बहुरूपी म्हणायचं तर तो खरा. मद्रासचं सिनेट हाऊस त्याचं, त्रिवेंद्रमचं नेपियर म्युझियम केरळी उतरत्या छपरांचं, आणि म्हातारपणी लंडनला जाऊन बायझंटाइन वळणाचं चर्च बांधलं. इथल्या कॉलेजचा मोठा घुमट त्याचाच, विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. लग्न होऊन आले तेव्हा रिक्षातून तो पहिल्यांदा दिसला आणि मला थेट सहावीची सहल आठवली. नवऱ्याला म्हटलं, हा आमच्याकडचा आहे. त्याला अजून वाटतं मी थापा मारते.

ओळंबा, मिरज:
खिद्रापूरचं मान्य, ताई. चूक माझी. नदीपलीकडचं देऊळ विसरलो, आता बायको ऐकवेल. तरी लक्ष्मीविलासला पुण्याकडचा काळा दगडही गेलाय, तेवढं आमच्या बाजूने धरा.

विश्रामबागकर:
म्हणजे भाचीपुढे मी हरलो. पुढच्या रविवारी खिद्रापूर. काका, त्या जिन्याचा फोटो टाका की. बीम उलटा घेऊन, स्लॅबच्या वर काढून काही जमतं का बघतो. मजुरी नको.

ओळंबा, मिरज:
आधी मावसभावाला विचारतो. वहिनींनी त्या बीमला गोधडी शिवून बांधलीय, दर दिवाळीला नवा अभ्रा घालतात. काढून देतील असं वाटत नाही.