दार उघडल्यावर आतली लाईट लागत नाही, वर बॅटरीपण उतरतेय

जुनी_चारचाकी:
नमस्कार मंडळी, गाडी बरीच जुनी आहे, इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं रेडिओ आणि घड्याळ सोडून काही नाही. छतावरच्या लाईटचं बटण ऑनवर केलं की ती झक्क लागते, पण मधल्या म्हणजे दाराच्या पोझिशनला ठेवली तर ड्रायव्हरचं दार उघडून काहीच होत नाही आणि मागचं डावं दार उघडलं की लागते पण एकदम मिणमिणती. बल्ब नवीन टाकला, फ्यूज काढून बघितला, ठीक आहे. त्यात आता गाडी काही दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. दोन्हीचं मूळ एकच असेल का? आईला अंधारात चढताउतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, त्यामुळे हे नीट करायचंच आहे.

पाना_पकड:
ऑनवर झक्क लागते म्हणजे बल्ब, फ्यूज, बॅटरीकडून येणारी वायर सगळं ओके, तिकडे वेळ घालवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत बल्बला १२ व्होल्ट कायम आलेले असतात आणि दाराचा स्विच फक्त अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या बॉडीशी जोड) देतो. दार उघडलं की दाराच्या चौकटीच्या खांबातली स्विचची पिन बाहेर येते, आतला पत्रा बॉडीला टेकतो आणि सर्किट पूर्ण होतं. तो अर्थ स्विचच्या स्क्रूतूनच बॉडीला जातो, आणि तिथेच पाणी, धूळ, गंज. मिणमिणती लागते याचा अर्थ करंट जातोय पण वाटेत अडतोय. स्क्रू काढा, स्विच बाहेर ओढा, वायर आत पडणार नाही अशी धरून ठेवा (पडली की खांबातून काढताना जीव जातो) आणि वायरचं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा. लाईट फुल लागली तर स्विच खराब किंवा त्याची बसायची जागा गंजलेली, नाही लागली तर वायर वर कुठेतरी तुटलीय.

तांब्याची_तार:
वरचं बरोबर आहे पण एक सांगतो, टेकवायचं ते स्विचला एकच वायर असेल तरच. दोन वायरी असतील तर काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह बाजूला असतो, ती वायर बॉडीला लावली की फ्यूज गेलाच. अशा वेळी टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब) वापरा. मल्टीमीटरवर विसंबू नका, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही, सडलेल्या जोडातूनसुद्धा १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण उगाच सगळं ठीक समजतो. लोड पडल्यावरच खरं काय ते कळतं.

उजेड_हवा:
एवढं कशाला, एलईडी टाका, कमी करंटवर पण चांगली लागते.

पाना_पकड:
@उजेड_हवा नको, त्याने गंज झाकला जाईल, जाणार नाही. शिवाय जरासा लीकेज असेल, म्हणजे स्विच बंद असूनही थोडा करंट झिरपत असेल, तर एलईडी दार बंद असतानाही मंद पेटलेली राहते. आधी जोड साफ करू दे, मग हवी ती टाका, फक्त प्लस-मायनस बघून.

तांब्याची_तार:
आता बॅटरीचं. माझा संशय डिकीच्या लाईटवर. ५ वॅटचा बल्ब साधारण ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-तास, जुनी दमलेली बॅटरी यात दोन-तीन दिवसांत हात टेकते. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा आणि डिकी बंद करा, लगेच कळेल. नाहीतर बॅटरीची मायनस वायर काढून मध्ये मीटर लावा, १० अँपिअरच्या भोकात, सगळं बंद, दाराच्या पिना दाबलेल्या. तुमच्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या (०.०५ अँपिअर) वर काही दिसायला नको. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ते सर्किट. मीटर लावलेला असताना स्टार्टर अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

जुनी_चारचाकी:
सगळ्यांचे खूप आभार. एकच वायर होती. ड्रायव्हरच्या बाजूची बॉडीला टेकवली तर लाईट फुल, स्विचची पिनच आत अडकून बसलेली, नवीन स्विच बसवला. मागच्या स्विचखाली हिरवट-तांबडा थर होता, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, थोडं व्हॅसलीन लावलं, आता चारही दारांना सारखीच लागते. आणि मीटरवर खरंच ०.४ च्या आसपास आलं, डिकीचा बल्ब काढल्यावर जवळपास शून्य. म्हणजे दोन वेगळे फॉल्ट होते. सध्या बल्ब काढूनच ठेवलाय, डिकीचा स्विचपण बदलावा लागेल का?

पाना_पकड:
लगेच नको. डिकीच्या झाकणाचे रबर झिजून झाकण सरकलं की पिन पूर्ण दाबली जात नाही. पिनवर थोडी मळलेली कणीक ठेवून झाकण लावा, किती दाबली जाते ते उमटेल. फट राहत असेल तर रबर बदला किंवा झाकण अॅडजस्ट करा, पिन पूर्ण दाबूनही लाईट चालूच राहत असेल तरच स्विच बदला.