[मंडळ-यादी] उत्तर: मंडळाचा नवा लॅपटॉप, ८ तारखेच्या तालमीआधी ठरवायचाय

शुभाताई (सांस्कृतिक), मंगळवार २८ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी,

नाटक १५ नोव्हेंबरला आणि तांत्रिक तालीम ८ ला. जुन्या लॅपटॉपचं विंडोज १० चं अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झालं. मशीन २०१६ चं, त्यावर विंडोज ११ चढत नाही. बॅटरीची अवस्था गणपतीत सगळ्यांनी पाहिली आहेच. कार्यकारिणीने १२०० डॉलरपर्यंत मंजुरी दिली आहे.

नंदूदादा म्हणतात मॅकबुक एअर घ्या, बापूकाका म्हणतात अजिबात घेऊ नका. मला शुक्रवारपर्यंत एकच उत्तर हवंय, कारण क्यू (कोणता आवाज नाटकात कधी वाजवायचा त्याची यादी) भरायलाच आठवडा जातो. आणि कृपा करून भिंतीतल्या एचडीएमआयचा (प्रोजेक्टरला चित्र नेणाऱ्या केबलचा) विचार करून लिहा. हॉल तोच आहे, प्रोजेक्टरही तोच.

शुभा

नंदूदादा (ध्वनी), बुधवार २९ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

शुभाताई,

सविस्तर लिहितो, म्हणजे फोनवर पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही.

आपण आवाजाचे क्यू क्यूलॅब नावाच्या सॉफ्टवेअरवर चालवतो आणि ते फक्त मॅकवर चालतं. आजवर मी माझा मॅक आणत आलो. आता तो ऑफिसचा आहे आणि त्यावर बाहेरचं काही टाकता येत नाही. दोन चॅनेलच्या आवाजाला क्यूलॅबची फुकट आवृत्ती पुरते, म्हणजे तिथे खर्च नाही.

आता एअरबद्दल. एम४ चिपवालं, यंदा मार्चमध्ये आलेलं. वजन १.२४ किलो, जाडी १.१३ सेंटिमीटर. पण पातळपणा माझ्या दृष्टीने दुय्यम. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते: आत पंखाच नाही. मागच्या वर्षी अभिवाचनाचं ध्वनिमुद्रण शाळेच्या संगीताच्या खोलीत केलं, आठवतंय? माईंचा आवाज खाली उतरला, त्या शांततेत जुन्या लॅपटॉपचा पंखा घूं करून सुरू झाला. तो आवाज मी संपादनात काढला तेव्हा माईंच्या आवाजातला श्वासही त्याच्याबरोबर गेला. ते मला आजही सलतं.

दुसरं म्हणजे बॅटरी. कंपनी व्हिडिओ बघण्याचे १८ तास सांगते. तेवढे धरू नका, पण अडीच तासांच्या नाटकाला चार्जर लावावा लागणार नाही हे नक्की. आणि चार्जर नसणं ही आवाजवाल्याची गरज आहे. लॅपटॉप एका भिंतीतल्या सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या सॉकेटवर आणि मध्ये हेडफोनच्या भोकातून केबल, की स्पीकरमधून गुंईं सुरू होते. गणपतीत निवेदनामागे जी गुणगुण होती ती हीच. चार्जर उपटला की ती जागच्या जागी थांबते. जुन्या लॅपटॉपचा उपटायची सोय नव्हती, तो बंदच पडायचा.

उणी बाजूही लिहितो. डावीकडे दोन यूएसबी-सी, शेजारी मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारा चार्जर लावायची जागा, उजवीकडे हेडफोन. बस्स. एचडीएमआय नाही, जुनं चौकोनी यूएसबी नाही, कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच नाही. रॅम आणि स्टोरेज बोर्डावरच बसवलेलं असल्यामुळे पुढे वाढवता येत नाही, जे घ्याल ते घ्याल. कीबोर्डवर चहा सांडला तर जुन्यासारखा नुसता कीबोर्ड बदलून भागणार नाही, वरचा अख्खा भाग बदलावा लागतो. म्हणून लॅपटॉप प्रवेशद्वाराच्या टेबलावर, चहाच्या थर्मासशेजारी, कधीच जाणार नाही हे आत्ताच ठरवू.

नंदू

खजिनदार, बुधवार २९ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

नमस्कार,

मूळ मॉडेल ९९९ ला आहे, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसह. आपल्याकडे एसटी-५, म्हणजे संस्थेला करमाफीचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळे न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर लागणार नाही. म्हणजे ६६ डॉलर वाचतात. पण त्यासाठी खरेदी मंडळाच्याच कार्डावरून व्हायला हवी. कुणी स्वतःच्या कार्डावर घेऊन मग पावती पाठवली तर तो कर परत मिळत नाही. मिक्सरच्या वेळी असंच झालं होतं.

५१२ जीबी घेतलं तर २०० डॉलर जास्त. ११९९ होतात आणि अडॅप्टरला एक डॉलरच उरतो. म्हणून २५६ घ्या आणि व्हिडिओसाठी बाहेरची एसएसडी वापरा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी जातात. अडीच तासांचं नाटक म्हणजे पंचवीस जीबी. दोन कोनांतून घेतलं तर पन्नास. ते लॅपटॉपवर ठेवायची गरजच नाही.

एक सुचवतो. एम१ या आधीच्या चिपवालं जुनं एअर वॉलमार्टने २०२४ च्या मार्चमध्ये ६९९ ला आणलं होतं, आता त्याहूनही खाली आहे. आवाजाचे क्यू त्यावरही चालतील ना? तीनेकशे डॉलर दिवाळी अंकांच्या वाचनालयाला देता येतील.

बापूकाका (स्मरणिका), बुधवार २९ ऑक्टोबर, दुपारी ३:२५

सर्वांस,

लॅपटॉप फक्त नाटकाचा नाही, मंडळाचा आहे. स्मरणिकेची मांडणी त्यावरच होते आणि एकोणीस वर्षं मीच ती करतो आहे. सगळ्या जुन्या फायली श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. श्री-लिपीला विंडोज लागतं आणि माझ्या प्रतीला यूएसबीत खोचायचं कुलूप लागतं, चौकोनी यूएसबीचं. एअरमध्ये ते खोचणार कुठे?

मॅकवर विंडोज चालवणारं पॅरलल्स घाला असं मला फोनवर सांगण्यात आलं. मी चौकशी केली. या मॅकवर जे विंडोज चालतं ते एआरएम प्रकारच्या चिपचं. जुन्या कुलुपाचा ड्रायव्हर इंटेलसाठी लिहिलेला असतो, तो त्यावर बसत नाही. मॅकवर थेट विंडोज टाकायची जुनी सोय, बूट कँप, या चिपच्या मॅकवर नाहीच.

माझं म्हणणं, थिंकपॅड घ्या. एक्स१ कार्बनची बारावी पिढी पातळच आहे, दीड सेंटिमीटर, वजन १.०९ किलोपासून. म्हणजे तुमच्या एअरपेक्षा हलकी. शिवाय एचडीएमआय आहे, चौकोनी यूएसबी दोन आहेत. किंमत जास्त वाटत असेल तर टी१४ घ्या. पाचव्या पिढीच्या इंटेलवाल्यात रॅमच्या दोन खाचा आहेत, उद्या वाढवता येते. इंटरनेटची जाड केबलसुद्धा लागते. जाडीने कुणाचं काय बिघडतं?

बापू

माई (मराठी शाळा), बुधवार २९ ऑक्टोबर, रात्री ९:०५

बापूकाका,

लॅपटॉपचं तुम्ही बघा. मला स्मरणिकेबद्दल लिहायचंय, कारण ही गोष्ट मी दर वर्षी बोलते आणि राहून जाते.

श्री-लिपी सोडून युनिकोडवर या, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल. मागच्या अंकातले मुलांचे निबंध मला शाळेच्या संकेतस्थळावर चढवायचे होते. नकलून पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा लगदा येतो. बावीस निबंध पालकांनी पुन्हा टाइप केले. तुमच्या मांडणीला हात लावायचा नाहीये, त्या मांडणीवर माझं प्रेम आहे.

आणि टंक निवडताना ल आणि श पाहा. विंडोजच्या मंगल टंकात ल हिंदी वळणाचा येतो. आम्ही पहिलीतल्या मुलांना देठाचा ल गिरवायला लावतो. २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही मराठी वळणच आहे. मुलं पडद्यावर वेगळा ल बघतात आणि विचारतात, बाई, हा कुठला? नोटो सान्स देवनागरीत भाषा मराठी निवडली की ल आणि श दोन्ही आपल्या वळणाचे येतात. तो टंक फुकट आहे, मॅकवरही बसतो आणि विंडोजवरही.

माई

नंदूदादा, बुधवार २९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

खजिनदार,

एम१ का नको ते सांगतो. यंदा दोन पडदे आहेत. प्रोजेक्टरवर इंग्रजी उपशीर्षकं, आपल्याच नातवंडांसाठी, आणि विंगेत प्रॉम्प्टरचा छोटा मॉनिटर. एम१ ला बाहेरचा पडदा एकच जोडता येतो. एम२ चंही तेच. एम३ ला दोन लागतात, पण झाकण बंद करून. मग क्यूची यादी मी बघू कुठे? एम४ ला झाकण उघडं ठेवून दोन लागतात. शिवाय एम१ ला मॅगसेफ नाही, चार्जिंगलाही त्याच दोन भोकांतलं एक जातं.

मॅगसेफचं महत्त्व विंगेत कळतं. अंधारात वायरीत पाय अडकला तर चुंबक सुटतो, लॅपटॉप टेबलावरच राहतो.

बापूकाका, जाडीचं माझंही काही म्हणणं नाही. थिंकपॅडला मी नाव ठेवत नाही. पण त्यावर क्यूलॅब चालत नाही.

प्रशांत (प्रोजेक्टर), गुरुवार ३० ऑक्टोबर, सकाळी ७:३०

सगळे पडद्यांचं बोलताहेत, म्हणून लिहितो. प्रोजेक्टरचं काम माझ्याकडे आहे आणि गणपतीत अथर्वशीर्षाच्या मध्येच पडदा काळा झाला तो माझ्या डोळ्यांसमोर.

केबल खराब होती असं तेव्हा ठरलं. तसं नव्हतं. नंतरच्या रविवारी मी शाळेच्या तंत्रज्ञाबरोबर जाऊन पाहिलं. रंगमंचाच्या डाव्या भिंतीतलं एचडीएमआय छतातून प्रोजेक्टरपर्यंत जातं, निदान पन्नास फूट. त्यात आपण यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर लावला आणि लॅपटॉपने १०८० ओळींचं चित्र पाठवलं. अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापला होता. दर दोन-तीन मिनिटांनी चित्र जायचं, यायचं. सेटिंगमध्ये ७२० केलं, दुसरा अडॅप्टर लावला, चाळीस मिनिटं एकदाही गेलं नाही. प्रोजेक्टर मुळातच १२८० बाय ८०० चा आहे. त्याला १०८० देऊन मिळतं काय?

म्हणजे अडॅप्टर दोन घ्या, एकसारखे, आणि दोन्ही ८ तारखेला त्याच भिंतीवर तपासा. घरच्या टीव्हीवर तपासलेलं मी धरणार नाही.

अजून एक. एचडीएमआय लावलं की लॅपटॉप आवाजही तिकडेच पाठवतो. तिसऱ्या घंटेनंतरची नांदी प्रोजेक्टरच्या पोटातल्या एवढ्याशा स्पीकरमधून आली होती, लोकांना वाटलं कुणाचा फोन वाजतोय. नंदूदादा, आवाज हेडफोनच्या भोकावर पक्का करून ठेवाल ना?

नंदूदादा, गुरुवार ३० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

हो. क्यूलॅबमध्ये आवाज कुठून बाहेर पडायचा ते आतच बांधून टाकता येतं. फाइल उघडली की मी पहिलं तेच बघतो. अडॅप्टरवर मात्र ध्वनी समितीची पट्टी लावणार. ते खोक्यातून जातात कुठे?

प्रशांत, गुरुवार ३० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

प्रोजेक्टरचे अडॅप्टर प्रोजेक्टरच्या खोक्यात राहतील. ध्वनीच्या खोक्यात गेले म्हणूनच एप्रिलमध्ये सापडले नव्हते.

बापूकाका, गुरुवार ३० ऑक्टोबर, सकाळी ११:४०

माईंचं पटतं. ल चं तर मला आधीपासून पटतं. पण एकोणीस अंकांच्या फायली एका रात्रीत युनिकोडमध्ये येत नाहीत. जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं.

म्हणून असं करा. जुना लॅपटॉप टाकू नका, माझ्याकडे द्या. इंटरनेट बंद करून वापरेन, बॅटरी गेली असली तरी चार्जरवर चालतो. मायक्रोसॉफ्ट अमेरिकेत घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट अजून एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत देतंय, ते मुलीकडून लावून घेतो. तेवढ्या वर्षात जुने अंक हळूहळू हलवू. निबंधांपासून सुरुवात करतो, माई.

मात्र नव्या लॅपटॉपचा ताबा कुणा एका समितीकडे जाऊ नये. सदस्य नोंदणीलाही तो लागणार आहे.

बापू

माई, गुरुवार ३० ऑक्टोबर, दुपारी १:१५

काका, निबंध मी आणि शाळेतल्या मुलांच्या दोन आया मिळून तपासू. शुक्रवारी शाळा सुटल्यावर या, पोहे करते.

खजिनदार, गुरुवार ३० ऑक्टोबर, दुपारी २:००

दोन पडद्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. एम१ चा मुद्दा मागे घेतो.

एम४, २५६ जीबी, ९९९. दोन अडॅप्टर, एका भोकाची अनेक करणारा एक हब, एक एसएसडी, असं २०१ मध्ये बसवतो. प्रॉम्प्टरचा मॉनिटर कुणाच्या घरून येणार? तो या हिशोबात नाही.

नंदूदादा, गुरुवार ३० ऑक्टोबर, दुपारी २:२०

मॉनिटर माझा. पण एक अडचण राहतेच. दोन्ही यूएसबी-सी पडद्यांना गेल्यावर पेनड्राइव्ह लावायला जागा उरत नाही. हब लावला तर एक पडदा हबमधून जाणार. नाटक चालू असताना पडदा हबमधून नेणं मला मान्य नाही, प्रशांतलाही नसेल. म्हणून ज्यांना गाणी, फिती, फोटो द्यायचेत त्यांनी १२ तारखेपर्यंत द्या. नाटकाच्या दिवशी हातात आणलेला पेनड्राइव्ह लावणार नाही, मग तो अध्यक्षांचा का असेना.

शुभाताई, गुरुवार ३० ऑक्टोबर, रात्री ९:३०

ठरलं. खजिनदार, उद्याच मागवा. घरी नको, शाळेतल्या कपाटाची किल्ली माईंकडे आहे, लॅपटॉप तिथेच राहील. तालमीला आणि नोंदणीला वहीत सही करून न्यायचा.

प्रशांत, अडॅप्टरच्या दोन जोड्या घेऊ, एक तुझ्या खोक्यात, एक नंदूदादांच्या.

८ तारखेला हॉल आपल्याला सकाळी ९ ते १ आहे. भिंतीचं एचडीएमआय पहिल्या तासात तपासायचं, नट ११ ला येतील. कुणाकडे तीन-चार फुटी एचडीएमआय केबल असेल तर घेऊन या, मागची कुणी नेली ते अजून समजलेलं नाही.

शुभा