लोकरीचे झेंडू चपटे का होतात?
वर विचारलंय की लोकरीच्या झेंडूंची फुलं आठवड्याभरात चपटी का होतात. बहुतेक वेळा लोकरीचे वेढे कमी पडलेले असतात आणि मधली गाठ सैल असते. चार बोटांवर किंवा पुठ्ठ्यावर शंभरेक वेढे घ्या, हात आखडू नका. मधोमध बांधायला मात्र लोकर नको. ॲक्रिलिकची लोकर ताणली जाते आणि गाठ सरकते. सुती दोरा दुहेरी घेऊन करकचून आवळा, मग कडा कापून कात्रीने गोल छाटा. छाटताना जीव तुटतो, पण निम्मी लोकर गेल्याशिवाय फूल घट्ट दिसत नाही.

पिवळी आणि केशरी लोकर एकत्र गुंडाळली तर खऱ्या झेंडूची छटा येते. तोरणासाठी ओवताना दोन फुलांमध्ये एक मणी घाला, म्हणजे ती एकमेकांना दाबत नाहीत. तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) दिसत नाही हे खरं, पण निसरडा असतो. टोकाला चार-पाच गाठी हव्यातच.

क्रेप कागदाचं तोरण सुंदर दिसतं, पण ओलं झालं की रंग सोडतं, त्यामुळे अंगणाच्या दारावर नको. भिंतीवर लावायचं तर सरळ तोरणापेक्षा लहान-मोठ्या लांबीच्या लडी पडद्याच्या दांडीला सोडलेल्या मला जास्त आवडतात. पांढऱ्या भिंतीवर दोनच रंग पुरतात, तिसरा आला की मंडपाची कळा येते.

आणि दिवाळीत पणत्यांपासून लांब लावा. ॲक्रिलिक वितळतं.