घरचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा कोण धावून आलं?

सोनचाफा:
आज सकाळी आईचा पीसी सुरू होईना. नुसता लांब बीप, स्क्रीन काळी. हात आपोआप लेकाच्या कंपासपेटीतल्या खोडरबराकडे गेला आणि साताऱ्यातली २००७ची एक दुपार आठवली. मार्चअखेर, त्यात लोडशेडिंग, बाबा पतसंस्थेचे हिशेब घरी घेऊन बसलेले, आणि हाच बीप. शेजारच्या काकूंचा भाचा सायकलवरून आला. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, तिची सोनेरी कड माझ्या खोडरबराने हलकेच घासली, कोरड्या फडक्याने पुसली, खट्‌कन परत बसवली. झालं सुरू! मला म्हणाला, "तायडे, आधी वायर काढायची, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, मगच आत." पैसे नाही घेतले, आईच्या हातचे पोहे खाल्ले फक्त. आज तोच क्रम पाळला, पीसी लागला. त्याला कळवावंसं फार वाटतंय, पण तो आता कुठे असतो कुणालाच ठाऊक नाही. तुमच्याकडे कोण आलं होतं?

रानजाई:
आमच्याकडे कोणी येत नसे, आम्हीच जायचो. कॅबिनेट चादरीत गुंडाळून, स्कूटरवर मी मागे मांडीवर घेऊन, थेट पुण्याची तापकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. रोज सकाळी तारीख २००२वर जायची. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, सीआर २०३२. तो बदलला की झालं. दुकानातल्या काकांनी बोलावून दाखवलं म्हणून आजही लक्षात आहे.

देवनळ:
पोहे, अगदी! आमच्याकडे थालीपीठ असायचं.

कातळफूल:
माझी आठवण दुखरी आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. मी घाबरून चार-पाचदा बंद-चालू केलं. तेच करायचं नव्हतं. आत चकतीवर फिरणारं हेड बिघडलेलं असलं तर प्रत्येक वेळी आणखी ओरखडे पडतात. आवाज आला की बंद करून ठेवायचं, बस्स. त्यात अण्णांच्या कविता होत्या, त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर एकेक बोटाने टाइप केलेल्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने डिस्क ठेवून घेतली, तीन आठवड्यांनी बोलावलं. निम्म्या मिळाल्या. त्याने फोल्डर उघडून पहिली कविता मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बाकीच्या नाही निघाल्या हो ताई, माफ करा." तो का माफी मागत होता? दुकानात उभ्या उभ्या रडले मी.

सोनचाफा:
कातळफूल, काय लिहू कळत नाही. अण्णांना सांगितलंत?

कातळफूल:
सांगितलं. आठवतील तशा वहीत परत लिहून काढल्या त्यांनी. सगळ्या नाही.

शेंदरी:
फाइली श्रीलिपीत, त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, होत्या का? आमच्या अशाच आहेत, उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात.

कातळफूल:
हो. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर असतात. नंतर जोडाक्षरं मात्र डोळ्यांखालून घाला, रफार हमखास चुकतात.

पडवी:
थोडं वेगळं, पण सगळ्यांनी वाचा. गेल्या वर्षी नाशिकला बाबांच्या स्क्रीनवर लाल पाटी आली, भोंगा वाजायला लागला, 'व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा'. त्यांनी केला. समोरच्याने रिमोट ॲप (दुरून दुसऱ्याला आपला पीसी चालवू देणारं) टाकायला लावलं आणि ८ हजार गेले. मी न्यू जर्सीत, रात्रीचे दोन वाजलेले. आधी इंटरनेटची वायर काढायला लावली, मग बँकेला आणि १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, घरच्या वडीलधाऱ्यांना एवढं आजच सांगा. आणि असं झालं तर त्यांच्यावर ओरडू नका. मी ओरडले होते. त्यानंतर बाबा महिनाभर पीसीला हात लावायला तयार नव्हते.

देवनळ:
पडवी, सांगितलंत ते बरं केलंत. आमच्या मामांनाही परवा हीच पाटी आली होती, मामींनी मागून स्विचच बंद केला.

रानजाई:
मामींना नमस्कार सांगा!

शेंदरी:
सोनचाफा, आईंच्या पीसीवर विंडोज १० आहे का? त्याचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. ११ चढत नसेल तर बँकेचं काम त्यावर नको.

सोनचाफा:
१०च आहे. बँकेचं नाही, भिशीचा हिशेब आणि आजोळचे फोटो. कातळफूलचं वाचलं आणि आधी पेनड्राइव्ह लावला. ४२ टक्के कॉपी झालंय. कुकरची शिट्टी झाली, येतेच.