पेताक्कीला थोर स्प्रिंटर म्हणायचे की नाही?

लांबपल्ला:

सायकल शर्यतींतल्या थोर स्प्रिंटरांच्या, म्हणजे शेवटच्या काही शे मीटरांत मुसंडी मारून जिंकणाऱ्यांच्या, यादीवरून मागच्या धाग्यात जो वाद झाला, त्यातले ‘कडकशिस्त’ यांचे एक वाक्य मला पटले नाही आणि दोन ओळींत उत्तर देण्यासारखेही वाटले नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतो आहे. त्यांच्या मते इटलीच्या अलेस्सांद्रो पेताक्कीचे नाव या यादीत असूच नये, कारण त्याची कारकीर्द म्हणजे ‘संघाची आगगाडी आणि खिशातला दम्याचा पंप, बाकी काही नाही’.

आधी आगगाडीबद्दल, म्हणजे स्प्रिंटरला वाऱ्याआड ठेवून शेवटपर्यंत ओढत नेणाऱ्या सहकाऱ्यांच्या रांगेबद्दल, बोलतो. पेताक्की 1996 मध्ये व्यावसायिक झाला आणि तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या शर्यतींपैकी (इटलीची जिरो, फ्रान्सची टूर, स्पेनची व्हुएल्टा; रोजची शर्यत म्हणजे एक टप्पा) पहिला टप्पा त्याने 2000 च्या व्हुएल्टामध्ये जिंकला. जिरोमधला पहिला विजय तर 2003 चा, लेच्चे गावातला, तोही साक्षात मारियो चिपोल्लिनीला, त्या काळच्या इटलीच्या बड्या स्प्रिंटरला, मागे टाकून, आणि तेव्हा तो 29 वर्षांचा होता. त्याआधीची बरीच वर्षे तो दुसऱ्यांसाठीच वारा अंगावर घेत होता. ऑक्टोबर 2002 मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरला चिपोल्लिनी विश्वविजेता झाला, तेव्हा इटलीच्या ज्या संघाने त्याला शेवटच्या सरळ रस्त्यापर्यंत आणून सोडले, त्यात पेताक्कीही होता. ज्याने इतका काळ स्वतः आगगाडीचा डबा होऊन काम केले, त्याला पुढे त्याच्या फास्सा बोर्तोलो संघाने गाडी बांधून दिली, यात फुकटचे काय मिळाले?

पुढचे सर्वांना माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो. 2003 या एका वर्षात त्याने जिरोचे 6, टूरचे 4 आणि व्हुएल्टाचे 5 टप्पे जिंकले. एकाच वर्षी तिन्ही मोठ्या शर्यतींत टप्पे जिंकणे त्याच्याआधी फक्त मिगेल पोब्लेट आणि पिएरिनो बाफी यांना जमले होते. 2004 च्या जिरोमध्ये 9 टप्पे, 2005 मध्ये मिलान-सान रेमो ही मानाची एकदिवसीय शर्यत. हे सगळे पुसून टाकायचे असेल तर त्यासाठी पुरावाही तेवढाच भक्कम द्यावा लागेल.

कडकशिस्त:

माझे वाक्य तुम्ही उद्धृत केले हे बरे झाले, कारण त्यातले एक अक्षरही मला बदलायचे नाही. तुम्ही 2005 पर्यंत येऊन थांबलात आणि तेवढ्यावर यादी पूर्ण होते असे गृहीत धरलेत. 2007 च्या जिरोमध्ये पिनेरोलोच्या टप्प्यानंतर त्याच्या मूत्राच्या नमुन्यात साल्ब्युटामॉलचे, म्हणजे दम्याच्या पंपातल्या औषधाचे, प्रमाण मिलिलिटरमागे 1000 नॅनोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. त्या जिरोतले त्याचे पाचही विजय रद्द झाले. ऑगस्ट 2019 मध्ये जागतिक सायकल संघटनेने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, ती 2012 आणि 2013 मधल्या निषिद्ध पद्धती किंवा द्रव्यांच्या वापराबद्दल, आणि ती कारवाई त्याने मान्य केली. हे प्रकरण जर्मनीतल्या एर्फुर्टच्या डॉक्टरकडचे, रक्ताच्या पिशव्यांचे, म्हणजे तिथे पंपाचा संबंध नाही.

ज्याचा एक दाखला खोटा निघतो, त्याचे बाकीचे दाखलेही आपण पुन्हा उघडून पाहतो. 2004 च्या 9 टप्प्यांवर कोणी बोट ठेवलेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहणे मला आता शक्य नाही, आणि तशी सक्तीही कोणी माझ्यावर करू नये. 2004 मध्ये संध्याकाळी निकाल कळल्यावर माझ्याइतका आनंद येथे फार थोड्यांना होत असेल. म्हणूनच राग आहे.

नीलमोहर:

मला सायकल शर्यतींतले फारसे कळत नाही, धागा वाचत होते आणि ‘खिशातला पंप’ या शब्दांवर अडले. माझा मुलगा पोहतो. त्याला लहानपणापासून दमा आहे आणि तलावावर जाण्यापूर्वी तो पंपाचे दोन झोत घेतो. मागच्या वर्षी त्याने एका स्पर्धेत पदक मिळवले, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने इतर पालकांसमोर म्हटले की ‘पंप मारून कोणीही पोहेल’. मुलाने पुढचे कित्येक दिवस पंप पोहण्याच्या पिशवीत ठेवलाच नाही, आणि एका सरावाच्या वेळी त्याला काठावर बसवून पाठ चोळावी लागली. तेव्हा त्याच्या ओठांचा रंग मी पाहिला आहे.

कडकशिस्त, तुमच्यासारख्या जाणकारांनी असे शब्द सहज वापरले की ते कुठे जाऊन पोहोचतात हे तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला त्या खेळाडूचे जे म्हणायचे ते म्हणा, पण पंपाला चोरीचे हत्यार करू नका.

कडकशिस्त:

ताई, तुमच्या मुलाबाबत जे घडले ते वाईटच आहे आणि त्या प्रशिक्षकाला कोणी तरी सुनवायला हवे होते. परंतु येथे विषय शाळकरी मुलाचा नाही. पेताक्कीकडे दम्याची नोंद होती, पंप ओढण्याची परवानगी होती, आणि मर्यादाही त्याला माहीत होती. तरीही आकडा वर गेला. इटलीच्याच दिएगो उलिस्सीचा 2014 च्या जिरोमध्ये आकडा 1920 आला, त्यालाही नऊ महिने घरी बसावे लागले. नियम भावना पाहून बदलता येत नाहीत. प्रत्येक चर्चेत आजारी मुलांना पुढे करून बोलणाऱ्याचे तोंड बंद करायचे, हा प्रकार मला मान्य नाही.

नीलमोहर:

‘मुलांना पुढे करून’? मी कोणालाही पुढे केलेले नाही. माझ्या घरात जे घडले ते लिहिले, कारण तुमचे वाक्य आणि त्या प्रशिक्षकाचे वाक्य यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. अनोळखी बाईशी बोलताना तुम्ही जरा शब्द तोलून वापरले असते तर बरे झाले असते.

फुप्फुसवाला:

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि सायकलही चालवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

आपल्याकडच्या निळ्या पंपाचा एक झोत साधारण 100 मायक्रोग्रॅमचा असतो. खेळातल्या नियमाप्रमाणे 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे 16 झोतांपर्यंत, ओढण्याची मुभा राहिलेली आहे, आणि आता आठ तासांची वेगळी मर्यादाही आहे. नीलमोहर यांच्या मुलाचे दोन झोत यात कुठेही येत नाहीत. मर्यादा ठेवण्याचे कारण वेगळे आहे. हेच औषध गोळीतून किंवा सुईतून भरपूर प्रमाणात घेतले तर स्नायूंवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या मार्गांनी ते खेळाडूंना निषिद्ध आहे, आणि मूत्रातला आकडा ते कोणत्या मार्गाने आले याचा अंदाज बांधण्यासाठी पाहतात.

आता माझे जुने दुखणे. दवाखान्यात पंपाचे नाव काढले की निम्मे पालक म्हणतात, ‘डॉक्टर, पंपाची सवय लागेल, त्यापेक्षा गोळी द्या, नाहीतर पातळ औषध द्या.’ पंपातून थेट श्वासनळीत जाणारी मात्रा गोळीच्या कितीतरी पट कमी असते, तरी लोक पंपाला घाबरतात आणि गोळीला साधी समजतात. खेळाच्या नियमांत मात्र गुन्हा गोळीचा आहे. हे घरोघरी समजावून मी थकलो, आणि त्यात असे धागे भर घालतात.

पेताक्कीच्या निकालाबद्दलही एक गोष्ट येथे कोणी लिहिलेली नाही. इटलीच्या सायकल महासंघाने त्याला आधी निर्दोष ठरवले होते. अपील झाले आणि मे 2008 मध्ये क्रीडा लवादाने बंदी घातली, पण त्याच निर्णयात त्याचा फसवणुकीचा हेतू नव्हता हे मान्य केले. दोष ठेवला तो पुरेशी काळजी न घेतल्याचा. दहा वर्षांनी ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमचा 2017 च्या व्हुएल्टामधला आकडा 2000 आला, मूत्राची घनता लक्षात घेऊन तो 1429 धरला गेला आणि जुलै 2018 मध्ये प्रकरण बंद झाले, त्याचे विजेतेपद कायम राहिले. फ्रूम दोषी होता असे मी म्हणत नाही. पण एकाला वकिलांची फौज मिळाली आणि दुसऱ्याला त्याच्या संघाने त्याच महिन्यात काढून टाकले, हे पाहून मला न्याय झाला असे वाटत नाही.

घाटवाट:

पंपाची चर्चा बरीच झाली, मूळ प्रश्नाकडे येऊ या. माझा आक्षेप औषधाला नसून आगगाडीलाच आहे. चार-पाच गड्यांनी शेवटचे किलोमीटर इतक्या वेगाने ओढायचे की दुसऱ्या कोणाला पुढे सरकायला जागाच राहू नये, मग सहकारी मार्को व्हेलोने शेवटचा झटका देऊन बाजूला व्हायचे आणि मागच्याने जेमतेम 200 मीटर स्वतःचा वारा खायचा. याला मी सांघिक काम म्हणेन, वैयक्तिक थोरवी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियाचा रॉबी मॅकइवन अनेकदा गाडीशिवाय, प्रतिस्पर्ध्यांच्या चाकांमागून उड्या मारत जिंकला. मला थोर स्प्रिंटर म्हणजे तो वाटतो.

आणि 2010 च्या टूरमधली, गुणांवर मिळणारी हिरवी जर्सी? ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशने त्या टूरमध्ये 5 टप्पे जिंकले, पेताक्कीने 2. तरी जर्सी पेताक्कीकडे गेली, 243 विरुद्ध 232 गुणांनी. ब्रसेल्सचा पहिला विजय तर मागे सगळे पडल्यावर मिळाला.

लांबपल्ला:

घाटवाट, तुम्ही ब्रसेल्स सांगितले आणि दुसरा विजय, फ्रान्समधल्या राँसचा, सोडून दिला. चौथ्या टप्प्यात राँसला कोणी पडले नव्हते, कॅव्हेंडिश तेथे होता आणि सरळ मागे राहिला. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये कॅव्हेंडिश पहिला आला तेव्हा त्याच्यामागे दुसरा पेताक्कीच होता. हिरवी जर्सी रोज पुढच्या गड्यांत येणाऱ्याला मिळते, त्यासाठी रोज टिकावे लागते. त्या वर्षी तूर्माले या पिरेनीजमधल्या उंच घाटावर दोनदा चढायचे होते. 36 वर्षांचा, घाटात कायम मागे पडणारा माणूस दोन्ही वेळा वेळमर्यादेच्या आत वर पोहोचला, आणि 1968 मधल्या फ्रांको बितोस्सीनंतर ही जर्सी प्रथमच एका इटालियनाला मिळाली. चिपोल्लिनीवर आपण सगळेच जीव टाकतो, पण त्याने एकही टूर पूर्ण केली नाही, हे येथे कोणी काढत नाही.

आगगाडीबद्दल म्हणाल, तर 2004 च्या जिरोतले शेवटचे 300 मीटर पुन्हा पाहा. बाकीचे स्प्रिंटर सायकल डावी-उजवीकडे आपटत उभे राहून मारतात. पेताक्कीचे खांदे जवळजवळ हलत नाहीत, कोपर आत, पाठ आडवी, आणि इतरांना वाऱ्यात बाहेर पडायची हिंमत होत नाही तेव्हाच हा बाहेर पडलेला असतो. मागचा त्याच्या चाकाला चिकटलेला असतो आणि तरी पुढे येऊ शकत नाही. व्हेलो बाजूला झाल्यानंतरचे ते अंतर तर कोणी ओढून दिलेले नव्हते ना?

घाटवाट:

राँसचे मान्य. लांबून सुरुवात करण्याची ताकद त्याच्याएवढी फार थोड्यांकडे होती, हेही मान्य करतो, कारण डोळ्यांनी दिसते ते नाकारता येत नाही. पण गाडी तुटली की तो हरवायचा. 2006 मध्ये मिलराम संघाकडे गेल्यावर काय झाले ते आठवा.

लांबपल्ला:

आठवते. त्या वर्षीच्या जिरोमध्ये तिसऱ्याच टप्प्यात तो पडला, गुडघ्याची वाटी फुटली आणि तशाही अवस्थेत त्याने नामूरला टप्पा पुरा केला. त्याच वर्षी व्हुएल्टामध्ये वैतागून संघाच्या बसवर ठोसा मारला आणि हात मोडून घेतला. पहिल्या गोष्टीचा मला आदर आहे, दुसरीचा नाही. पण त्या हंगामाचे खापर गाडीवर कसे फोडता येईल?

कडकशिस्त:

या सगळ्यात माझ्या मुद्द्याला कोणी हात लावलेला नाही. फुप्फुसवाला यांचे 2007 बद्दलचे विवेचन मी वाचले. लवादाने हेतू नव्हता असे म्हटले असेल तर त्या प्रकरणी ‘चोर’ म्हणण्याचा अधिकार मला राहत नाही, आणि ‘खिशातला पंप’ हे शब्द मी येथून पुढे वापरणार नाही. नीलमोहर यांच्यासाठी एवढे करतो, पेताक्कीसाठी नव्हे. 2012-13 चे काय, याचे उत्तर मात्र तुमच्यापैकी एकानेही दिलेले नाही. इटलीच्या राई दूरचित्रवाणी वाहिनीवर बसून तो तरुण स्प्रिंटरांच्या चुका समजावून सांगत होता आणि ही गोष्ट त्याच्या पोटात होती. माझ्या दृष्टीने हे पंपाहून कितीतरी मोठे आहे.

लांबपल्ला:

त्याचे समर्थन मी करत नाही आणि करणार नाही. तेव्हा तो चाळिशीकडे झुकला होता, पाय साथ देत नव्हते, आणि त्याला थांबता आले नाही. कारण समजते, पण त्यामुळे गुन्हा लहान होत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की ज्या वर्षांची शिक्षा झाली ती वर्षे कापा, ज्या वर्षांवर कोणी काही सिद्ध केलेले नाही ती ठेवा. नाहीतर त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येकाचे नाव खोडावे लागेल, आणि यादीत राहिलेले फक्त न सापडलेले असतील.

नीलमोहर:

कडकशिस्त, शब्द मागे घेतलेत त्याची नोंद घेतली. मुलाला हा धागा दाखवणार आहे, विशेषतः गोळी आणि पंप यांबद्दलचा भाग. फुप्फुसवाला, तो झोतांचा हिशेब त्या प्रशिक्षकाला दाखवला तर चालेल ना?

फुप्फुसवाला:

अवश्य दाखवा. मात्र मुलगा मोठ्या पातळीवर पोहू लागला तर त्या वेळचा नियम पुन्हा तपासा, मर्यादा बदलत असतात. आणि पंप पिशवीत ठेवू नका, काठावर हाताशी ठेवा.

कडकशिस्त:

लांबपल्ला, न सापडलेल्यांबद्दलचे तुमचे वाक्य मला आवडले नाही, पण खोडूनही काढता येत नाही. यादीत नाव ठेवायचे असेल तर ठेवा. माझी अट एकच की त्यापुढे 2007 आणि 2019 ही दोन्ही साले स्पष्ट लिहावीत, तळटीप म्हणून नव्हे, नावाच्याच ओळीत.

लांबपल्ला:

लिहितो. 2007 पुढे ‘हेतू सिद्ध नाही’ हेही त्याच ओळीत जाईल.

कडकशिस्त:

जाऊ द्या. 2019 पुढे मात्र काहीही जोडू नका.