अनुभव धागा: दत्तक लेकराला आणायला जाताना संस्थेसाठी काय नेलंत?

मंडळी, फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही ओहायोहून पुण्याला आलो ते आमच्या लेकीला घरी न्यायला. ती तेव्हा अडीच वर्षांची होती. तिकिटं हातात पडली आणि मी बॅगा मोजल्या. दोघांच्या मिळून चार, प्रत्येकी २३ किलो. आमचे कपडे एकीत मावणार होते, म्हणजे जवळजवळ सत्तर किलो जागा मोकळी. आपल्याकडे बाळ बघायला जातानाही कोणी रिकाम्या हाताने जात नाही. इथे तर आम्ही बाळ घेऊन येणार होतो, आणि मागे बाकीची मुलं राहणार होती.

ऑफिसात आणि शेजारीपाजारी सांगितलं. तीन आठवड्यांत गॅरेज भरलं. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त नर्सने कोरा करकरीत नेब्युलायझर आणून दिला. संस्थेतल्या नर्सबाईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराच खुलला. थंडीत बाळांच्या छात्या भरतात आणि त्यांच्याकडे एकच यंत्र होतं, ते खोल्याखोल्यांतून फिरायचं. त्यांनी लगेच खोका उघडला, पिनेला अडॅप्टर लावला, बटण दाबलं. दोन सेकंदांत जळका वास. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मला हे माहीत होतं. माझा हेअर ड्रायर मी याच कारणासाठी घरी ठेवून आले होते. पण देण्याच्या वस्तूकडे मी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "असू द्या हो ताई." दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यातूनच नवीन घेऊन दिला, तोही स्वस्तात, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस तिथेच.

तो वास अजून नाकात आहे, म्हणून हा धागा. तुम्ही काय नेलंत? काय उपयोगी पडलं, काय पडून राहिलं, कशाला नाही म्हणाले? दत्तक घेतलेल्यांनी, घेऊ पाहणाऱ्यांनी, संस्थेत काम केलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. संस्थांची आणि मुलांची नावं मात्र नकोत.

न्यू जर्सी, एका मुलाची आई

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी असतं. २०१६ मध्ये होम स्टडी (दत्तकाआधीची आमच्या घराची तपासणी) नुकतीच मंजूर झाली होती. मी सगळ्याजणींना सांगितलं, यंदा मी वाण लुटणार नाही, वाण तुम्ही आणा, तीळगूळ माझा. झबली, टोपडी, मोजे मिळून १८० नग जमले. मी एकेक उघडून बघायचे आणि परत घडी घालायचे. वाट बघण्याच्या दिवसांत तेवढाच आधार होता.

पुढच्या उन्हाळ्यात रेफरल, म्हणजे एका मुलाचा प्रस्ताव, आला. होकार कळवायला ९६ तास. मुलगा साडेचार वर्षांचा! एजन्सीमार्फत संस्थेला विचारलं तर कळलं, तान्ही बाळं दोनच, बाकी सगळी दोन ते सहा वर्षांची. त्यांना हव्या होत्या चड्ड्या. सुती, चार-पाच वर्षांच्या मापाच्या, भरपूर. तिथे सगळ्यांच्या चड्ड्यांचा एकच ढीग असायचा, आंघोळीनंतर हाताला येईल ती घालायची.

झबली मी इथल्या एका केंद्राला दिली आणि २०१८ च्या संक्रांतीला चड्ड्या मागितल्या. आमच्यातल्या एका काकूंनी त्या सगळ्या घरी नेल्या आणि कमरेच्या पट्टीवर रंगीत दोऱ्याने खुणा भरून आणल्या: पतंग, मासा, छत्री, आंबा, किल्ली. एकेका खुणेच्या चार-चार. वाचता न येणाऱ्या पोरालाही आपली चड्डी ओळखता यावी म्हणून. मार्चमध्ये आम्ही पोचलो, सामान अधीक्षिकाबाईंच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर माझा मुलगा, जो आदल्या दिवशी आमच्याकडे बघायलाही तयार नव्हता, समोर येऊन उभा राहिला, शर्ट वर केला आणि म्हणाला, "छत्री." ते त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

पुणे, शिशुगृहात २२ वर्षं समाजसेविका

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. थोडं लांबेल.

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, की परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होताहेत. त्यावर १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, आणि आजची बहुतेक सगळी पद्धत तिथून उभी राहिली. पुढे 'कारा' ही दत्तकावर देखरेख करणारी सरकारी संस्था आली, भारत परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग कराराला बांधला गेला. परदेशी जाणाऱ्या मुलामागे संस्थेने घ्यायचं शुल्क ठरलेलं आहे, ५००० डॉलर. त्याखेरीज दत्तकासाठी म्हणून पालकांकडून रोख किंवा वस्तुरूपात काहीही घ्यायचं नाही, आडवळणानेसुद्धा नाही.

दर वर्षी कुणीतरी दुखावतं. "आम्ही प्रेमाने आणलंय." खरं आहे, प्रेमानेच आणलेलं असतं. पण ज्या बाईने स्वेटर आणले तिच्या फाइलीवर माझी सही लवकर पडली, असं कुणाला वाटता कामा नये. मला स्वतःलाही वाटता कामा नये. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायची: दत्तकाचा आदेश होऊ द्या, मूल तुमच्या कुशीत जाऊ द्या, मग द्यायचं ते सगळ्या मुलांसाठी द्या, आणि पावती घ्या.

पैसे पाठवायचे असतील तर आधी विचारा, संस्थेची एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी) आहे का. परदेशी नागरिकांचे पैसे, मग ते मूळचे आपलेच का असेनात, त्या नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, आणि आता ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. "पुण्यातल्या भावाच्या खात्यातून फिरवतो" असं कृपया करू नका. अडचणीत तुम्ही येत नाही, संस्था येते.

आता दुधाबद्दल, कारण बॅगांत सर्वात जास्त डबे तेच निघतात. बाळाच्या दुधाची भुकटी आणि बाटल्या दान करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. आईच्या दुधाच्या आड काही येऊ नये म्हणून. त्यातून अनाथाश्रमांना सूट आहे, कारण आमच्या बाळांपाशी आई नाही. ही सूट मला नेहमी जड वाटायची. तिचा मान राखायचा तर डबा कुठला हवा ते आमच्या डॉक्टरांना विचारून आणा. परदेशी डबा आठ दिवस पुरतो, नवव्या दिवशी परत जुनं दूध, आणि दोन्ही वेळा जुलाब होतात ते बाळाला.

पंधरा ऑगस्ट, पितृपक्ष, दिवाळी या दिवसांत आमच्याकडे एकाच दिवशी तीन-तीन जेवणं आणि दोन केक यायचे. रात्री मुलं ओकायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणी फिरकायचं नाही. मला काय हवं असायचं सांगू? धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, लंगोट आणि दुपट्यांसाठी. मेणकापड. धुण्याची पावडर, तीही पोत्याने. इन्व्हर्टरची बॅटरी. आणि रात्रपाळीला आणखी एक आया. रात्री एकदम चार बाळं रडायला लागली की दोन बायकांचे हात चारच असतात. आयाचा वर्षाचा पगार देणारं कुटुंब मला २२ वर्षांत एकदाच भेटलं. त्या पगारावर आलेली बाई पुढेही टिकली.

टेक्सास, बाबा

दोन गोष्टी, थोडक्यात. मी मदतीच्या आवाहनात आमच्या मुलीचा रेफरलमधला फोटो टाकला होता. तासाभरात चाळीस जणांनी मदत कबूल केली. संध्याकाळी एजन्सीचा फोन आला, ताबडतोब काढा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. काढला, पण तोवर तो किती जणांच्या फोनमध्ये गेला असेल कोण जाणे. ती आता दहा वर्षांची आहे. मदत मागण्यासाठी तिचा चेहरा मी वापरला, हे तिला मी स्वतःच सांगणार आहे.

दुसरं: पुढे अमेरिकन व्हिसासाठी आम्हाला दिल्लीला जायचं होतं आणि देशातल्या विमानात माणशी १५ किलोच नेता येत होतं. सामान दिल्लीला जाण्याआधीच द्या, आणि रिकाम्या बॅगाही तिथेच ठेवा. संस्थेत वर टाकायचे कपडे ठेवायला त्या कामाला येतात.

मिनेसोटा, बँकेत नोकरी

आमचं दत्तक नाही, पण २००६ मधली एक गोष्ट सांगतो. माझे शेजारी चीनला मुलगी आणायला निघाले होते. त्यांनी माझ्या काउंटरवर येऊन ३००० डॉलर मागितले, शंभराच्या तीस नोटा, घडी न पडलेल्या. तिथे अनाथाश्रमाला द्यायची देणगी ठरलेली होती आणि नोटा नव्याच लागायच्या. मी एकेक निवडून दिल्या. फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

त्याच सुमाराला हुनान प्रांतातल्या खटल्याच्या बातम्या आल्या. दलाल बाळं आणून अनाथाश्रमांना विकत होते, आणि अनाथाश्रम ती घेत होते, कारण परदेशी गेलेल्या प्रत्येक बाळामागे ते ३००० डॉलर यायचे. शेजाऱ्यांची मुलगी दुसऱ्या प्रांतातली. तरी शेजारीणबाईंनी मला विचारलं, "आपण दिलेल्या पैशांनी काय केलं असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंदच केलं. ती मुलगी आता कॉलेजात आहे आणि तोच प्रश्न ती विचारते. वर पुण्याच्या ताईंनी पावतीबद्दल आणि आदेशानंतर देण्याबद्दल लिहिलंय, ते वाचून मला त्या नोटा आठवल्या.

सातारा, आजी (सून टाइप करून देते आहे)

माझी धाकटी लेक कॅनडात. नातू दत्तक येणार म्हटल्यावर मी माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी शिवली. हिरवं आणि जांभळं लुगडं, मधे पांढऱ्या धोतराचा थर, बारीक धावदोरा. सगळी परवानगी आल्यावर एजन्सीमार्फत ती संस्थेत पाठवली, म्हटलं त्याला घरचा वास ओळखीचा होईल.

चार महिन्यांनी लेक-जावई आले, त्यांच्याबरोबर मीही गेले. गोधडी दुसऱ्याच पोराच्या अंगावर. एवढंसं पोर, तापाने निजलेलं. लेकीचे डोळे भरले. खरं सांगायचं तर माझंही मन कसनुसं झालं. तिथल्या मावशी म्हणाल्या, "आजी, इथं काहीच कुणा एकाचं राहत नाही. पण ज्याला बरं नसतं त्याला आम्ही हीच देतो, हिच्यात पोरं लवकर झोपतात." मग मी कशाला मागू?

त्या मावशींनीच सांगितलं, नातवाचं रोजचं दुपटं न धुता घेऊन जा. त्याला जो वास माहीत आहे तो त्यात आहे. कळकट, एका कोपऱ्याला चोखून चोखून विरलेलं. तेच लेकीने विमानात त्याच्या गालाशी ठेवलं. आता पाच वर्षं झाली, ते अजून त्याच्या उशीखाली आहे. गोधडी तिकडेच राहिली. मी दर पावसाळ्यात दोन नव्या शिवून पाठवते, साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीही बसतात शिवायला.

पुणे, दुभाषी

आत्तापर्यंत कोणी लिहिलं नाही असं एक देणं सांगते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथून स्वीडनला, हॉलंडला, बेल्जियमला गेलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. मूळ शोधायला येतात तेव्हा मराठी कागद वाचून दाखवायला मला बोलावतात.

एका बाईंबरोबर गेले होते. त्यांच्या आईवडिलांनी त्या काळी संस्थेला खेळण्यांची पेटी दिल्याचा फोटो त्यांच्याकडे होता. त्यातलं काही उरलेलं नव्हतं, उरणारही नव्हतं. आम्ही शोधत होतो ती संस्थेत आलेल्या मुलांची आवक नोंदवही. ती माळ्यावर सापडली, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यांच्या ओळीत होतं: तारीख, वजन, "डाव्या पायात काळा दोरा, अंगावर फुलाफुलांचं फडकं". एवढंच. काळा दोरा म्हणजे काय ते मी सांगितलं: दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, म्हणजे कुणीतरी बांधला होता.

जाण्याआधी त्यांनी त्या संस्थेला दोन लोखंडी कपाटं घेऊन दिली आणि सगळ्या वह्यांची पानं स्कॅन करण्याचे पैसे दिले, रीतसर, नोंदणीकृत खात्यात. तिथल्या लेखनिकाने पहिल्याच दिवशी माळा रिकामा केला.

पुन्हा मी, ओहायो

तुमचे अनुभव दोनदा वाचले. या डिसेंबरात आम्ही लेकीला घेऊन पहिल्यांदाच तिकडे परत जातोय. गॅरेज या खेपेला रिकामं आहे. आज सकाळी संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या: एफसीआरए नोंदणी आहे का, रात्रपाळीच्या आयाचा वर्षाचा पगार किती, आणि जुन्या वह्या कुठे ठेवता. तिचीही ओळ त्यातल्या एका वहीत आहे.